वॅट राहू द्या, आधी टप बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस गोव्यात फोंड्याजवळ, खडीचा क्रशर सत्तरी तालुक्यात, गाड्या अठरा. अकरा टिपर, दोन पाण्याचे टँकर, तीन पिकअप, दोन जीप. माल पणजी-म्हापशाला जातो, कधी काणकोणला, आठवड्यातून दोन-तीन खेपा चोर्ला घाट चढून बेळगावकडे. क्रशरवर आणि घाटात मोबाइलला रेंज नाही, म्हणून गाड्यांवर वायरलेस बसवायचा आहे. दुकानदार म्हणतो ५० वॅटचे सेट घ्या, पंचवीस किलोमीटर डोळे मिटून बोला. मुलाने ऑनलाइन वॉकीटॉकी बघून ठेवल्या आहेत, त्या दहा पटींनी स्वस्त. शिवाय खाणीच्या काळातले बारा मॅग्नेटचे अँटेना गोदामात पडून आहेत, ते चालतील का?

मी डिचोली-साखळी पट्ट्यात खाणी जोरात होत्या तेव्हापासून गाड्यांवर आणि बार्जवर वायरलेस सेट बसवतो. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा काही महिने नुसते सेट उतरवत होतो. तो अनुभव बसवण्यापेक्षा जास्त शिकवून गेला. दहा-बारा वर्षं चाललेली गाडी उघडली की कुठे गंज चढला, कुठली वायर जळली, कुठल्या अँटेनाने खरंच काम दिलं, सगळं समोर येतं. बिघडलेले सेट त्यात फारच थोडे निघाले. बिघडलेलं होतं ते सेटच्या बाहेरचं.

आता दुकानदाराचे पंचवीस किलोमीटर. हा आकडा सेटचा नसतो, जागेचा असतो. या फ्रीक्वेन्सीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून दोन अँटेनांच्या मध्ये जमीन किंवा डोंगर येईपर्यंत बोलणं होतं. ढोबळ हिशोब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा. दोन्ही टोकांची बेरीज म्हणजे किलोमीटर. टिपरवरचा अँटेना अडीच मीटरवर धरला तर साडेसहा. म्हणजे टिपर ते टिपर तेरा किलोमीटर. ऑफिसवर पंधरा मीटरचा खांब उभा केला तर त्याचे सोळा अधिक साडेसहा, साडेबावीस. दुकानदाराचा आकडा इथूनच आला असणार. फक्त हा हिशोब सपाट जमिनीचा आहे, आणि गोव्यात सपाट म्हणाल तर खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं. सत्तरी ते फोंडा मध्ये डोंगरच डोंगर.

वॅट वाढवून डोंगर हटत नाही. पाच वॅटवरून पंचवीसवर गेलात तर सिग्नल सात डेसिबलने वाढतो, तो फरक कानाला जाणवतो. पंचवीसवरून पन्नासवर गेलात तर तीनच डेसिबल. सेटवरच्या सिग्नलच्या काट्यावर तो फरक जेमतेम अर्ध्या घराचा. उलट बॅटरीवरचा भार मात्र दुपटीच्या आसपास जातो. तेव्हा २५ वॅटचे सेट घ्या आणि वाचलेले पैसे खाली सांगतो तिथे घाला.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: वायरलेस हवा आहे कुठे? पणजी, म्हापसा, काणकोणच्या बाजारात मोबाइल चालतो. तिथे सेटने बोलायचा हट्ट कशाला? तुम्हाला तो हवा आहे क्रशरवर, क्रशरपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या कच्च्या वाटेवर, आणि घाटात. घाटातसुद्धा ऑफिसशी बोलायची गरज नाही. वरून येणाऱ्याने खालच्याला सांगायचं असतं की वळणावर ट्रक आडवा आहे किंवा दरड आली आहे. ते काम दोन-तीन किलोमीटरचं. हे एकदा ठरवलंत की बेस, म्हणजे एका जागी बसवलेला मुख्य सेट, फोंड्याला नको, क्रशरवरच. क्रशरमागच्या टेकडीच्या खांद्यावर, आजूबाजूच्या जमिनीपासून शंभर-दोनशे मीटर उंच जागा मिळाली तर साधा सहा मीटरचा पाइपसुद्धा पुरतो. दोनशे मीटर उंचीचे या हिशोबाने अठ्ठावन्न किलोमीटर होतात. अर्थात जिथून डोळ्याला रस्ता दिसतो तिथवरच. रिपीटर, म्हणजे उंचावरून एकाचं बोलणं पकडून पुढे फेकणारा सेट, लावायचा मोह होईल. त्याला दोन फ्रीक्वेन्सी, वेगळी मंजुरी, चोवीस तास वीज आणि डोंगरावर चढणारा माणूस लागतो. अठरा गाड्यांना मी तो पहिल्या वर्षी सुचवणार नाही.

व्हीएचएफ की यूएचएफ? तुमच्या कामाला व्हीएचएफ, म्हणजे १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमधला पट्टा. शहरात, इमारतींत, गोदामात यूएचएफ, म्हणजे त्याहून वरचा पट्टा, चांगला, लहान फटींतून आत शिरतो, अँटेनाही वीतभर. पण झाडी आणि डोंगराची कड आली की व्हीएचएफ जरा वाकून जातो. सत्तरीत काजू, किंदळ, बांबू यांच्यामधून रस्ता जातो, आणि ओल्या पानांत यूएचएफ जास्त मुरतो. लोक म्हणतात पावसात सेट चालत नाही. पावसाच्या थेंबांनी या फ्रीक्वेन्सीला काही होत नाही. होतं ते ओल्या पानांनी, आणि त्याहून जास्त कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याने. जुलैमध्ये "पात्रांव, सेट उलयना", म्हणजे साहेब, सेट बोलत नाही, असा निरोप आला की मी सेटकडे बघतही नाही, आधी अँटेनाच्या बुडाशी बोट लावतो.

आता मुख्य गोष्ट, अँटेना कुठे आणि कसा.

१५५ मेगाहर्ट्झला लहर १.९४ मीटरची, म्हणून पाव लहरीची काडी साधारण ४८ सेंटिमीटर. या काडीला खाली धातूचा पत्रा लागतो, कारण अर्धा अँटेना काडी असते आणि उरलेला अर्धा तो पत्रा. म्हणून जीप आणि पिकअपला जागा एकच: टपाच्या मधोमध, १९ मिलिमीटरचं भोक पाडून. मालकाचा जीव भोक म्हटलं की खाली-वर होतो. नव्या गाडीच्या टपाला ड्रिल लावताना माझाही होतो. पण रबरी रिंग नीट बसवलेलं भोक मी गळताना फार कमी बघितलं आहे. आणि पत्र्याच्या कडेला क्लॅम्प लावून, दारातून केबल चेपत आणलेली गाडी दोन पावसाळ्यांत गळते, शिवाय केबल दारात कापते. भोक पाडल्यावर कच्च्या कडेला प्रायमर लावा. खालचा रंग खरवडून रिंग उघड्या पत्र्याला टेकली पाहिजे, नाहीतर अर्थिंग मिळत नाही. मग वरून सिलिकॉन. हा क्रम उलटा करणारे बरेच आहेत, आधी सिलिकॉन भरतात आणि मग रेंज नाही म्हणतात.

टँकरला केबिनचा टप मोकळा असतो, तिथेही हेच.

टिपरची गोष्ट वेगळी. हौद्याचा पुढचा पत्रा छज्जासारखा केबिनवर आलेला असतो, दगड पडून ड्रायव्हरला लागू नये म्हणून. त्याच्याखाली अँटेना लावला तर तो पत्र्याच्या पेटीत बसल्यासारखा. छज्जावर लावला तर पहिल्याच दिवशी लोडरच्या बकेटमधला दगड त्याचं काम तमाम करतो. म्हणून टिपरला आरशाच्या ब्रॅकेटवर. आरशाचा दांडा रबरी बुशवर असतो, कधी प्लास्टिकचा, म्हणजे तिथे पत्र्याचा आधार नाही. पाव लहरीची काडी तिथे लावून लोक फसतात. तिथे अर्ध्या लहरीचा, म्हणजे पत्र्याशिवाय चालणारा अँटेना घ्या. तो ९५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. बुडाला स्प्रिंग हवीच. डाव्या आरशाला काजूच्या फांद्या, उजव्याला समोरून येणारी बस. मी उजवीकडे बसवतो, कारण ड्रायव्हर आपल्या बाजूच्या आरशाला जपतो आणि क्लीनरच्या बाजूच्या आरशाला कोणी वाली नसतो. हौद्यामुळे मागच्या दिशेला सिग्नल कमी जाईल, हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. बेसला ऐकू जात नसेल तर गाडीचं तोंड थोडं वळवून बघायचं, हे त्यांना दोन दिवसांत कळतं.

दुकानदार तुम्हाला सव्वा मीटरचा 'जास्त गेन'वाला अँटेनाही दाखवेल. पाच-अष्टमांश लहरीचा हा अँटेना ऊर्जा वर-खाली कमी आणि आडवी जास्त फेकतो. वास्को-वेर्ण्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, फिरणाऱ्या गाडीला तो छान. घाटात मात्र बोलायचं असतं ते दोनशे मीटर वर किंवा खाली, आणि वळणावर गाडी तिरकी झाली की त्याचा आडवा पट्टा कुठल्याकुठे जातो. घाटातल्या गाड्यांना मी छोटी, साधी काडीच देतो. फांद्यांतूनही तीच टिकते.

केबल. अँटेनाबरोबर पाच मीटर आरजी-५८ येते. व्हीएचएफला त्यात एक डेसिबलच्या आसपास जातं, यूएचएफला पावणेदोन. फार नाही, चालेल. जास्तीची केबल गुंडाळून सीटखाली कोंबू नका, मोजून कापा. कनेक्टर नीट झाळता येणारा माणूस मात्र शोधा. नुसता पिळून बसवलेला कनेक्टर सत्तरीच्या कच्च्या वाटेवर महिनाभरात सैल होतो. बाहेरच्या प्रत्येक जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर साधी काळी टेप. केबल आत घेण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकतं, आत येत नाही. मुरगाव बंदरात किंवा किनाऱ्याजवळ गाड्या उभ्या राहत असतील तर खारी हवा तांब्याची जाळी हिरवी करून टाकते, ती केबल दर तीन-चार वर्षांनी बदललेलीच बरी.

बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा, लावल्याशिवाय पैसे देऊ नका. दीडच्या आत आलं तर उत्तम, परत येणारी शक्ती चार टक्के. दोनला अकरा टक्के, अजून चालतं. तीनला चौथा हिस्सा परत येतो, मग काडीची लांबी किंवा अर्थिंग चुकलं आहे. हौदा खाली असताना आणि वर असताना, दोन्ही वेळा मोजायला सांगा. प्रत्येक गाडीचा आकडा गाडी क्रमांकासह वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार आली की तोच आकडा पुन्हा मोजायचा. बदलला असेल तर दोष अँटेना-केबलचा, नसेल तर पुढे बघायचं. अर्धा दिवसाचं काम पाच मिनिटांत होतं.

विजेचं प्रकरण टिपरमध्ये सर्वांत जास्त चुकतं, म्हणून जरा थांबून सांगतो. तुमचे टिपर २४ व्होल्टचे, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. सेट मात्र १३.६ व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. गॅरेजचा वायरमन काय करतो, दोनांपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतो. सेट झकास चालतो, सगळे खूश. पण ती एकच बॅटरी रोज रिकामी होत राहते, आणि अल्टरनेटर भरताना दोघींतून सारखाच करंट सोडतो. एक अर्धवट भरलेली राहते, दुसरी जास्त भरून पाणी उकळवते. सहा-आठ महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरी कंपनीला. एका मालकाने माझ्यासमोर वर्षात चार बॅटऱ्या बदलल्या, आणि पाचवी विकत घेताना वायरिंग बघायला बोलावलं.

उपाय, २४ वरून १३.८ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. २५ वॅटचा सेट बोलताना सहा-सात अँपिअर घेतो, म्हणून सतत दहा अँपिअर देणारा घ्या. डब्यावर दहा लिहिलेला नको, दहा 'सतत' देणारा. स्वस्त कन्व्हर्टर स्वतःच आवाज करतात. तपासायची युक्ती अशी: सेटचा स्क्वेल्च, म्हणजे कोणी बोलत नसताना खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा, रिकाम्या चॅनेलवरची खरखर ऐका, दूरच्या गाडीला बोलायला सांगा, मग तोच आवाज सेट सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून ऐका. फरक पडला तर कन्व्हर्टर परत करा. अलीकडे बंपरवर लावतात ते भगभगीत एलईडी बारही हाच त्रास देतात. रात्री रेंज कमी होते अशी तक्रार आली तर आधी दिवे बंद करून बघा.

वायर थेट बॅटरीपासून आणा, चार चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. टेपरेकॉर्डरच्या वायरला सेट जोडला की माइक दाबल्यावर व्होल्टेज बसतं आणि समोरच्याला आवाज चिरका जातो.

ऑनलाइन वॉकीटॉकीबद्दल दोन गोष्टी. एक, पत्र्याच्या केबिनमध्ये बसून हातातल्या सेटवर बोलणं म्हणजे बंद खोलीतून हाका मारणं. पाच वॅटमधला अर्धा वॅट बाहेर गेला तरी नशीब समजा. मुकादमाला आणि वजनकाट्यावरच्या माणसाला हातातला सेट द्या, ड्रायव्हरला नाही. दुसरी गोष्ट परवान्याची. भारतात व्हीएचएफ-यूएचएफवर स्वतःच्या धंद्यासाठी बोलायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून फ्रीक्वेन्सी आणि परवाना घ्यावा लागतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो, दरवर्षी फी भरावी लागते, आणि सेटला त्यांची मान्यता असावी लागते. विनापरवाना बोलायला मुख्यतः दोन पट्टे खुले आहेत: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, अगदी कमी शक्तीचे हातातले सेट. आणि २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, पाच वॅटपर्यंत. पहिला पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना पुरतो. दुसऱ्याची पाव लहरीची काडी पावणेतीन मीटर होते, टिपरवर ती कुठे लावणार? ऑनलाइन मिळणारे स्वस्त सेट यांच्या बाहेर वाटेल त्या फ्रीक्वेन्सीवर बोलू शकतात आणि गोची तिथेच आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या. गोव्यात नौदलाचा विमानतळ आहे, बंदर आहे, बोटींचा चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ आहे. चुकून तिथे बोललात तर कोणाच्या जिवाशी गाठ पडेल सांगता येत नाही. हॅम, म्हणजे हौशी वायरलेसचा परवाना काढून धंद्याचं बोलता येईल का, असंही बरेच जण विचारतात. नाही येत.

डिजिटल घ्यावा का? डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या सेटवर १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर दोन संभाषणं चालतात, गाडी कुठे आहे ते कळतं, खरखर नसते. पण जुना अॅनालॉग आवाज हळूहळू खराब होत जातो, ड्रायव्हर समजून घेतो की आता तुटणार. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ आणि मग एकदम मुका. घाटात मला खरखर बरी वाटते. दोन्ही चालणारा सेट घ्या, सुरुवात अॅनालॉगवर करा. मोटोरोला, केनवूड, आयकॉम, हायटेरा, यांत मी भांडणार नाही. ज्याचा दुरुस्ती करणारा माणूस गोव्यात किंवा बेळगावात बसतो तो घ्या. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, समुद्रावरच्या हवेमुळे किनाऱ्याने लांबून कोणाचे तरी आवाज तुमच्या चॅनेलवर येतील. घाबरू नका. सीटीसीएसएसचा टोन लावा, म्हणजे तो टोन असलेलाच आवाज सेट ऐकवतो, बाकीचं ऐकू येणं थांबेल. मात्र टोन म्हणजे गुप्तता नव्हे, तुमचं बोलणं कोणीही ऐकू शकतं.

सिमकार्डवर चालणारे, बटण दाबून बोलायचे पुश-टू-टॉक सेट टूरिस्ट टॅक्सीवाल्यांना उत्तम. तुम्हाला जिथे हवं तिथेच मोबाइल नाही, म्हणून ते बाजूला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण क्रशर म्हटल्यावर सांगणं भाग आहे. काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग असतात. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या वायरी लांब पसरल्या की त्याच अँटेना होतात, आणि जवळच्या सेटवर कोणी माइक दाबला तर त्यांत करंट येऊ शकतो. तुमच्या ब्लास्टरला विचारा, डिटोनेटर विजेचे की नळीचे. विजेचे असतील तर तो सांगेल त्या अंतरावर पाटी लावा, त्या पाटीच्या आत शिरताना सेट बंद. आवाज बारीक करून चालत नाही, सेट बंदच हवा. आणि बेसचा खांब उभारताना जागा त्यालाच दाखवून घ्या.

राहिले ते बारा मॅग्नेट अँटेना. केबल वाकवून बघा. कडक झाली असेल किंवा कनेक्टरजवळ हिरवट पावडर दिसली तर फेकून द्या. निम्मे तरी वाचतील. ते भोक पाडेपर्यंत दोन जीपना लावा, आणि भाड्याने आणलेल्या गाड्यांसाठी ठेवा. टिपरला लावू नका, पहिल्या खड्ड्यालाच लोंबकळतील. जीपवरचे दर महिन्याला उचलून खालचा पत्रा पुसा. मॅग्नेटखाली लोखंडाचा चुरा आणि पाणी साचतं, आणि मे महिन्यात लावलेला अँटेना गणपतीत उचलला की टपावर गोल गंजाचा ठसा दिसतो. तो बघून मालक विचारतो की त्यापेक्षा भोक पाडलं असतं तर. मी काही बोलत नाही, ड्रिल गाडीतच असतो.